इअरफोन : एक कानात बसतो, दुसरा वाजतो चांगला, कोणता ठेवू?

अमळनेर_अप_डाऊन

नमस्कार मंडळी. मी अमळनेर ते जळगाव रोज अप-डाऊन करतो, सुरत-भुसावळ लाईनची गाडी, जागा मिळाली तर खिडकी नाहीतर दरवाजा. जाताना गाणी, येताना झोप. इतके दिवस मोबाईलसोबत आलेला जुना इअरफोन चालवला, तो बाहेरच्या बाहेर अडकवायचा प्रकार, आत न जाणारा. आता आत बसणारे वायरवाले दोन जमलेत, एक ऑनलाईन मागवला अन् एक चुलतभावाने वापरून कंटाळून मला दिला. दोन्ही चिनी, साधारण एकाच किमतीचे, नावं मुद्दाम लिहीत नाही कारण इथे दोन्हीचे भक्त आहेत अन् मग प्रश्न राहतो बाजूला.

तर नवा आहे त्याला अ म्हणू. नॉझल (रबर बसतं ती पुढची नळी) जाड, बॉडी मोठी, घातला की कान गच्च भरल्यासारखा वाटतो अन् धरणगाव यायच्या आत उजवा कान ठणकायला लागतो. पण बेस काय सांगू, एक नंबर. चुलतभावाचा तो ब. बारीक, हलका, कानात आहे हेच विसरायला होतं, पण आवाज पातळ. ढोलकीत जीव नाही, बाई गायला लागली की वरच्या पट्टीत चिरकं वाटतं, अन् डाव्या कानात तर जरा कमीच. यूट्यूबवर मात्र सगळे बची तारीफ करून राह्यले, बेस पुरेसा आहे म्हणे, कुठल्या पट्टीचा आवाज किती येतो त्याचा ग्राफ पण दाखवतात. मग मला का नाही येत तो बेस? पीस खराब का माझे कान खराब? आणि शेवटी बसतो तो ठेवायचा का वाजतो तो?

शेवभाजी_तिखट_जास्त

बेस आहे ना, मग अ ठेव. कान दुखतो पहिले पहिले, सवय होते. बुटाची होते तशी.

पांझरा_काठ

सवय बिवय काही नाही भो. कान दुखी ऱ्हायना तं काढी टाक, जबरदस्ती कानवर नको करू. बूट घट्ट असला तर दुकानदार बदलून देतो, कान कोण बदलून देईल.

डग्गा_तिरकिट

थांबा जरा, त्याला निवडायला लावू नका, अजून त्याने दोन्ही ऐकलेलेच नाहीत. अ ऐकलाय, बचं फक्त वरचं वरचं ऐकलंय.

आधी पीस का कान, हे दोन मिनिटांत निघतं. बचा डावा पीस उजव्या कानात घाल अन् उजवा डाव्यात. उलटे बसतील, वायर वेडीवाकडी होईल, होऊ दे. कमी आवाज पीससोबत उजव्या कानात गेला तर पीसमध्ये गडबड, आणि ती बहुतेक नॉझलच्या जाळीत अडकलेला मळ असते (वापरलेला पीस आहे ना, म्हणजे मळसुद्धा चुलतभावाचा, आधी साफ कर). कमी आवाज डाव्या कानातच राहिला तर कानात जाणाऱ्या रबराचा साईझ चुकलाय. तेही करायच्या आधी मोबाईलच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन डावा-उजवा बॅलन्सचा बार मधोमध आहे का बघ, पोरं खेळता खेळता तो सरकवून ठेवतात आणि माणूस इअरफोनवाल्याला शिव्या घालत बसतो.

आता बेसचं. कानात आत बसणाऱ्या इअरफोनचा सगळा बेस हवाबंद जागेवर चालतो. ड्रायव्हर (पीसमधला छोटा स्पीकर) आणि तुझ्या कानाचा पडदा यांच्यामध्ये चिमूटभर हवा कोंडलेली असते, तो एवढासा ड्रायव्हर ती हवा दाबतो आणि ओढतो, म्हणून ड्रायव्हरच्या १० मिलिमीटरच्या पडद्यातून डग्गा घुमल्यासारखा वाटतो. रबराच्या बाजूने केसाएवढी फट राहिली की खालचा दाब तिथून निसटून जातो. वरच्या पट्ट्यांना त्या फटीने फारसा फरक पडत नाही, त्या जशाच्या तशा येतात. म्हणून सील नसलं की आवाज बंद होत नाही, तो पातळ होतो, आणि खालचा आधार गेल्यामुळे वरचं एकटंच उरतं ते चिरकं लागतं. तुझ्या दोन्ही तक्रारी, बेस नाही आणि बाईचा आवाज टोचतो, एकाच फटीतून आलेल्या असायची दाट शक्यता आहे.

तपासायचं कसं तर गाणं चालू असताना दोन्ही पीस बोटाने हलकेच आत दाबून धर. बेस एकदम भरून आला तर सील नव्हतं. मी स्वतः तबल्याचं सोलो लावतो. डग्ग्यावर मनगट दाबून पुढे सरकवलं की घुमारा खालून वर चढत जातो ना, ती चढण पूर्ण ऐकू आली पाहिजे. सील सुटलं असेल तर कातड्यावरची थाप तेवढी ऐकू येते आणि मागचा घुमारा गायब, कोणीतरी पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवतंय असं वाटतं. डीजेचं गाणं लावून हे कळणार नाही, त्यात बेस इतका भरलेला असतो की अर्धा निसटला तरी उरलेला पुरतो.

घालायची पण पद्धत आहे. उजव्या कानाला डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढ, तोंड थोडं उघड, मग उजव्या हाताने पीस जरा फिरवत आत ने, कान सोड, तोंड मिट. कानाची नळी सरळ नसते, मोठ्या माणसाची साधारण २५ मिलिमीटर लांब आणि मध्ये वळण, कान ओढला की ते वळण जरा सरळ होतं. जबडा हलला की नळीचा आकार पण बदलतो, म्हणून तर चणे-फुटाणे खाताना इअरफोन सैल होतो.

आणि हो, डाव्या-उजव्या कानाला एकाच साईझचं रबर लावायचं असा काही कायदा नाही. माझं डावीकडे मोठं, उजवीकडे मधलं. बऱ्याच जणांच्या दोन्ही नळ्या सारख्या नसतात. दाबून बेस आला ना, मग डावीकडे एक नंबर मोठं रबर लावून बघ.

शेवभाजी_तिखट_जास्त

एवढं सगळं करण्यापेक्षा ब्लूटूथ बड घे ना बाबा. घातलं की झालं.

डग्गा_तिरकिट

ब्लूटूथच्या बडला पण रबरच असतं, अन् ते पण तुझ्याच कानात जातं.

ग्राफवाला_भुसावळ

डग्गादादाशी सहमत, थोडं ग्राफचं सांगतो कारण त्याचा उल्लेख झालाय आणि लोक त्याला एकतर देव मानतात नाहीतर थोतांड.

ग्राफ काढतात तो बहुतेक ७११ नावाच्या कपलरवर, म्हणजे धातूचा नकली कान, त्यात पीस व्यवस्थित सील करून बसवलेला. त्यामुळे ग्राफमधला बेस हा पूर्ण सीलचा बेस आहे. तुझ्या कानात सील नसेल तर तो ग्राफ तुझा नाहीच. दुसरं, त्या ग्राफमध्ये ३ किलोहर्ट्झच्या आसपास एक टेकाड दिसेल, ते बघून घाबरू नको, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. उघड्या कानाची नळी स्वतःच त्या भागात आवाज वाढवते, इअरफोनने नळी बुजवली की ती वाढ जाते, म्हणून ती ड्रायव्हरने भरून द्यायची. हरमन कंपनीचा जो टार्गेट कर्व्ह, म्हणजे आवाज कसा असावा त्याचा नमुना ग्राफ, सगळे दाखवतात, त्यात ते टेकाडही आहे आणि बेसची चढणही आहे. आता गंमत बघ, सील गेलं की चढण जाते आणि टेकाड राहतं. बाईचा आवाज का टोचतो ते आलं लक्षात?

आणखी एक, ८ किलोहर्ट्झजवळ बऱ्याच ग्राफमध्ये एक उंच सुळका असतो, तो पुष्कळदा इअरफोनचा नसून पीस किती आत गेलाय त्याचा असतो. जास्त आत घातला की सुळका वर सरकतो. म्हणजे एकच इअरफोन दोन माणसांना वेगळा वाजतो हे भांडण नाही, दोघंही खरं बोलतात.

पण मी वेगळ्याच गोष्टीसाठी लिहायला घेतलं. अ आणि बची तुलना करताना आवाज सारखा केला होता का? मोबाईलचा व्हॉल्यूम नाही म्हणत, कानात पोचणारा आवाज. दोन इअरफोनची सेन्सिटिव्हिटी वेगळी असते, त्याच व्हॉल्यूमवर एक मोठा वाजतो एक बारीक. अन् माणसाचा कान असा आहे की जो जरा मोठा तो त्याला चांगला वाटतो, त्यातून आवाज हळू असला की बेस आणखीच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. दुकानदार हे बरोबर ओळखून असतात. गोलाणी मार्केटमध्ये काय नि पुण्या-मुंबईत काय, जो खपवायचा तो पीस दोन घर वाढवून ऐकवतात. त्यामुळे बोलण्याचं काहीतरी लाव, बातम्या, कीर्तन, काहीही, दोन्हींवर माणूस सारख्याच अंतरावरून बोलतोय असं वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळव, मग गाणी लाव. पट्कन अदलाबदल कर, मध्ये चहा पिऊन आलास तर मागचा आवाज डोक्यात राहत नाही.

खापरावरचे_मांडे

बर्न-इन पण करा, ५० तास वाजवत ठेवायचा, मग खुलतो.

ग्राफवाला_भुसावळ

इअरफोन खुलत नाही ताई, आपले कान सरावतात. वाजवून ठेवायचा तर ठेवा, लाईटबिल काही येत नाही त्याचं. पण रिटर्नची मुदत त्यात घालवू नका.

जिनिंग_शहादा

विषय निघालाय तर विचारून घेतो. मी कापसाच्या जिनिंगमध्ये असतो, सीझनला मशीनं चालू झाली की शेजारचा माणूस काय बोलतो ते ओठ बघून ओळखावं लागतं. मी कानात इअरफोन घालून गाणी लावतो म्हणजे मशीनचा आवाज येत नाही. अमळनेरवाले भाऊ गाडीत वापरणार तर त्यांना पण हे उपयोगी. चांगला आवाज अडवणारा कोणता?

कानाचं_मशीन

मी नंदुरबारला कमी ऐकू येणाऱ्यांची मशीनं बसवतो, त्यामुळे कानांचे साचे घेणं हे रोजचं काम. शहादावाल्या भाऊंनी लिहिलंय ते वाचून राहवलं नाही.

मशीनचा आवाज झाकायला तुम्ही गाणं त्याच्याही वर नेता. मशीन थांबलं की बघा तुमचा व्हॉल्यूम कुठे आहे, दचकाल. जागतिक आरोग्य संघटनेचं गणित सोपं आहे, ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, आणि तिथून दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. जिनिंगच्या गोंगाटावर गाणं चढवलं तर तुमचा आठवड्याचा कोटा किती दिवस पुरेल ते तुम्हीच काढा. तिथे साधे फोमचे इअरप्लग घाला, नाहीतर वरून कानावर बसणारे मफ, गाणं घरी जाऊन. माझ्याकडे येणाऱ्यांत गिरणीवाले, बँडवाले, डीजेवाले असतात, 'टीईईई' असा आवाज रात्री कानात वाजतो म्हणतात, आणि तो घालवायचं बटण माझ्याकडे नाही.

गाडीचं वेगळं. तिथे बाहेरचा आवाज जितका अडेल तितका व्हॉल्यूम खाली ठेवता येतो, म्हणून चांगलं बसणारा इअरफोन हा कानाच्या भल्याचाच. आवाज अडवण्यात खोल जाणारे सगळ्यात पुढे. एटिमोटिक या अमेरिकन कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ काढला, तीन छत्र्यांचं रबर, ते नळीत चांगलं आत जातं, ३५ डेसिबलच्या आसपास बाहेरचं कापतं. त्यातला बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर हा मुळात आमच्याच धंद्यातला, ऐकायच्या मशीनमधला. पण ते खोल जाणं सगळ्यांना झेपत नाही. नळीचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, तो सोसतो, आतला हाडावरचा, तिथली कातडी पातळ अन् भारी नाजूक, धक्का लागला की डोळ्यात पाणी.

प्रश्न विचारणाऱ्या भाऊंना : कान कुठे दुखतो ते नीट बघा. नळीच्या तोंडाशी दुखत असेल तर नॉझल जाड किंवा रबर मोठं, एक नंबर लहान आणि मऊ रबर लावून बघा. बाहेरच्या वाटीत, पाळीच्या वरच्या घडीला दुखत असेल तर बॉडी मोठी आहे, त्याला रबर बदलून काहीही होणार नाही. आणि दुखणं दोन-तीन दिवस राहिलं, खाज आली, पाणी आलं, तर इअरफोन बंद आणि ईएनटीकडे. काडी, पिन, किल्ली कानात घालू नका, कान कोरायच्या बडचा कापूस पण नको, मळ आत ढकलला जातो आणि मग त्या मळामुळेच आवाज कमी येतो.

पांझरा_काठ

माझ्या मोठ्या भावाला दाखवलं हे, तो किल्लीच घालतो.

अमळनेर_अप_डाऊन

सगळ्यांना धन्यवाद, विशेषतः डग्गादादा. उलटे घालून बघितले. कमी आवाज डाव्या कानातच राहिला, म्हणजे पीस ठीक. तरी जाळी बघितली, उजेडात धरली तर कडेला पिवळं काहीतरी होतं, मऊ ब्रशने पीस उलटा धरून काढलं, चुलतभावाला फोटो पाठवला, त्याने ब्लॉक केलंय. डावीकडे मोठं रबर लावलं आणि कान ओढून घातलं, काय फरक पडला राव, ढोलकी आली. बाईचा आवाज पण खाली बसला. बोलण्याच्या क्लिपवर व्हॉल्यूम जुळवला तर 'ब'ला 'अ'च्यापेक्षा तीन घर जास्त लागतात, म्हणजे मी आतापर्यंत अ मोठाच ऐकत होतो. तरी बेस अमध्ये जास्त आहेच, फक्त पहिले रात्र-दिवसाचा फरक वाटायचा तेवढा नाही. अ मात्र बाहेरच्या घडीलाच दुखतो, मशीनवाले साहेब म्हणतात तसं. रबर बदलून काही झालं नाही.

आता दोन गोष्टी. घरी बचा बेस मस्त, गाडीत बसलो की पुन्हा कमी. अन् गाडीत वायर शर्टाला घासली की कानात खरखर येते, चालताना स्वतःचंच पाऊल धप धप ऐकू येतं. हे बरोबर आहे का अजून काही चुकतंय?

डग्गा_तिरकिट

काही चुकत नाही. गाडीचा आवाज जवळपास सगळा खालच्या पट्टीतला, चाकांची घरघर, डब्याचा घुमारा, तो नेमका तुझ्या बेसच्या जागेवर येऊन बसतो अन् बेस त्याखाली दबतो. सील जितकं पक्कं तितकं ते कमी होईल. गाडीपुरते रबराच्या जागी फोमचे टिप लाव. बोटात चुरगाळून बारीक कर, आत घाल, अर्धा मिनिट बोटाने धरून ठेव, फुगून नळीच्या आकाराचा होतो. त्याने वरचं टोक जरा बोथट होतं, तुझ्या बाबतीत ते चांगलंच. पण आपल्याकडच्या मे महिन्यात फोम म्हणजे घामाने चिकट, सारखा बदलावा लागतो अन् तो काही धुऊन नवा होत नाही. उन्हाळ्यात सिलिकॉन, पावसाळा-हिवाळ्यात फोम, असं मी करतो. विकत घेताना नॉझलचा व्यास बघून घे, बारीक नॉझलवर मोठ्या भोकाचा टिप बसत नाही अन् काढताना कानातच राहतो.

वायरची खरखर जाते. वायर खाली सोडू नको, कानावरून मागे घे, क्लिप असेल तर कॉलरला लाव. बचा आकार तसा नसला तरी बहुतेक पीस डावा-उजवा अदलून कानावरून घालता येतात, फक्त मग आवाजाच्या बाजू उलट्या होतात तेवढं लक्षात ठेव. शूअर कंपनीवाले तर वर्षानुवर्षं कानावरूनच वायर घ्यायला लावतात, स्टेजवरच्या लोकांसाठी.

पावलांचा धपधप मात्र राहणार. कान बुजवला की हाडातून येणारा आवाज आत कोंडतो. आणखी खोल बसवलं तर कमी होतो, पण मशीनवाल्यांनी खोल जाण्याचं काय सांगितलंय ते वाचलं ना. प्लॅटफॉर्मवर चालताना तसाही काढूनच ठेव, पूल चढताना मागून हमालाची गाडी येते ती ऐकू आली पाहिजे.

ग्राफवाला_भुसावळ

आणि अचा बेस फारच आठवत असेल तर बवर इक्वलायझरने १०० हर्ट्झच्या खाली ३-४ डेसिबल वाढव. सील असेल तर बारीक ड्रायव्हर पण तेवढं आरामात घेतो. सील नसताना वाढवशील तर नुसती फडफड होईल. बॉडी मात्र इक्वलायझरने लहान होत नाही, म्हणून माझं मत ब.

कानाचं_मशीन

माझंही ब.

शेवभाजी_तिखट_जास्त

मग अ काय करणार? माझे कान मोठे आहेत, घरचे लहानपणापासून सांगतात.

अमळनेर_अप_डाऊन

विकायचाच आहे. बिल आहे, डबा आहे, रबरं नवीन देतो. आतलं सगळं पुसून देईन. जळगाव स्टेशनला हातात घे, घालून बघ, नाही बसला तर नको घेऊ. मेसेज कर.

शेवभाजी_तिखट_जास्त

केला. मोबाईल घेऊन येतो, तू व्हॉल्यूमला हात लावायचा नाही.